माईक मध्येच मुका का होतो?

ऑनलाइन शिकवणी ऐन रंगात आली आणि पलीकडून पोरं ओरडू लागली, "सर, आवाज तुटतोय!" गेल्या आठवड्यात माझीच ही गत झाली.

यूएसबी माईक आवाजाचे बारीक तुकडे पाठवतो. ४८ किलोहर्ट्झवर दर मिलिसेकंदाला ४८ नमुने. पेनड्राइव्हवर फाइल जाताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. आवाजाला ही सवलत नाही. उशिरा पोचलेला शब्द काय कामाचा? हरवला तो हरवलाच, तिथे खरखर नाहीतर शांतता.

असे तुकडे हरवत असतील तर आधी हबवर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर, संशय घ्या. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबवर तेवढ्यातच माईक, कॅमेरा, हार्डडिस्क सगळ्यांनी भागवायचं! त्यापेक्षा माईक थेट संगणकाला जोडा. विंडोज वीज वाचवायला उपकरणं झोपवतं. पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून पाहा. ड्रायव्हरच्या मागे मात्र लगेच लागू नका.

मी लागलो होतो, दोन तास. शेवटी केबल पिनेजवळ जराशी वाकवली, तर माईक गायब. सरळ केली, की हजर. नवी केबल दीडशे रुपयांना मिळाली.