घरटं कुठून दिसतं, हे ओळखणारा वेडा राघू

(लेखांक 9)

मागच्या आठवड्यात आपण दयाळ पाहिला. आजच्या पक्ष्यासाठी कोल्हापूरच्या शाहूपुरीत मान वर केली तरी पुरे, कारण तो बहुतेक वेळा तारेवरच असतो. वेडा राघू चणीने चिमणीएवढा, अंगाने हिरवागार. डोक्यावर सोनेरी-तपकिरी झाक, डोळ्यातून गेलेली काळी रेघ, गळ्याशी काळा कंठा आणि शेपटीतून बाहेर आलेली दोन बारीक, लांब पिसं.

तारेवरून सूर मारायचा, हवेतच किडा टिपायचा आणि गिरकी घेऊन पुन्हा तारेवर यायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. चतुर, पतंग, माश्या पोटात जायला वेळ लागत नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी सापडली, तर मात्र घाई नाही. आधी तिला तारेवर आपटून निपचित करतो. मग तिची शेपटीकडची बाजू तारेवर घासत राहतो. या घासण्यात नांगी निघते, विषही पिळलं जातं. त्यानंतरच ती गिळतो. न पचलेले पंख आणि कवचं पुढे गोळी करून ओकून टाकतो.

जिथे माश्या तिथे हा. आपल्याकडे गुऱ्हाळं सुरू झाली की रसावर, काकवीवर मधमाश्या घोंगावू लागतात आणि जवळच्या तारेवर वेडे राघू ठाण मांडतात. शाहूपुरी ही पेठच मुळी राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली वसवली, आणि गुळाच्या व्यापारावर ती वाढली. गुळाचे सौदे आता मार्केट यार्डात होतात, राघू मात्र इथल्या तारांवर अजून आहेत.

वेड्या राघूच्या कुळातल्या बहुतेक जाती आफ्रिकेतल्या. केनियात स्टीफन एमलेन यांनी पांढऱ्या कपाळाच्या राघूंचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथे तरुण पक्षी आई-वडिलांच्या पिल्लांना भरवायला मदत करतात. कधीकधी तर बाप मुलाच्या नव्या संसारात अडथळे आणून त्याला आपल्या घरट्यावर राबायला परत आणतो! आपल्या वेड्या राघूच्या जोडीलाही कधी कधी असे मदतनीस असतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आपल्या मातीत झालेला एक प्रयोग. पुण्याचे मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. जवळपास धोका असेल, तर वेडा राघू मातीतल्या आपल्या घरट्याच्या बिळात शिरत नाही, हे ठाऊक होतं. या मंडळींनी बिळापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर माणूस उभा करून पाहिला. एका जागेवरून त्याला बीळ स्पष्ट दिसत होतं, दुसरीवरून दिसत नव्हतं. पहिल्या जागी माणूस असला की पक्षी बिळात जायला कचरायचा, दुसऱ्या जागी असला की त्याची ये-जा वाढायची. अंतर तेच, फरक फक्त समोरच्याला काय दिसतं एवढाच, आणि तो फरक या इवल्या पक्ष्याला कळत होता. दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची ही कुवत माणसाखेरीज फार तर वानरांपाशी असेल, असं तोवर अनेकजण धरून चालले होते. म्हणून मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही, लागली ती चोख नजर आणि चिकाटी.

बिळाची काळजी एवढी का, तेही पाहू. मार्च ते जून हा त्यांचा विणीचा काळ. ओढ्याची कड, नदीची दरड, वीटभट्टीसाठी माती उपसलेला खड्डा, अशा ठिकाणी नर-मादी चोचीने माती उकरतात आणि पायांनी मागे फेकतात. बीळ कधीकधी मीटरभराहूनही खोल जातं. टोकाच्या खोलीत गवत-काडी काही नसतं. उघड्या मातीवरच तीन ते पाच पांढरी, चकचकीत, गोलसर अंडी घातली जातात. साप किंवा मुंगसाला बिळाचा पत्ता लागला, तर आतल्या पिल्लांना निसटायला दुसरी वाट नसते.

पाहायला गेलात, तर बिळाच्या तोंडासमोर उभे राहू नका. झाडाआड, बाजूला थांबा, म्हणजे चोचीत चतुर घेऊन आलेला पक्षी तारेवर ताटकळणार नाही. आणखी एक विनंती नालेसफाई करणाऱ्यांना. पावसाळ्याआधी ओढ्यांच्या कडा यंत्राने तासल्या जातात, त्या नेमक्या याच दिवसांत. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला पुढे तीन ते चार आठवडे लागतात. बिळं असलेली हातभर दरड तेवढे दिवस सोडून बाकीचं काम उरकता येतं.