विषय बदलू का?

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. "मग, सायन्स ना?" विचारणारे काका पेढा तोंडात टाकता टाकता विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसरा पेढा उचलतात!

पण आज मी सांगणार आहे ती दुसऱ्याच प्रश्नाची गोष्ट. हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. तो येतो पाच-सहा महिन्यांनी, दिवाळीची सुट्टी संपत आल्यावर, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या. "माझा विषय चुकला का?"

मी कॉलेजात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शनाच्या टेबलाशी बसण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे हा प्रश्न मी खूपदा ऐकलाय. आणि खरं सांगू? एकदा त्याचं उत्तर साफ चुकीचं दिलंय.

अकरावी सायन्सचा एक मुलगा होता. गणितात नापास. मी त्याची गुणपत्रिका पाहिली आणि लगेच म्हणाले, "कॉमर्सला जा बाबा, हे तुझं नव्हे." तो बिचारा गेला. वर्षभरानं जिन्यात भेटला तो जाड भिंगांचा चष्मा लावून! "मॅडम, मला फळ्यावरचं दिसतच नव्हतं हो. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं." त्या दिवसापासून मी गुणपत्रिका आधी मागत नाही. आधी विचारते, वर्गात कुठे बसतोस, घरून किती वाजता निघतोस, शिकवतात ती भाषा कळते का. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलांचा विषय चुकलेला नसतो, पुस्तकाची भाषा बदललेली असते. विषय आवडत नाही की काही दुसरंच आड येतंय, हे आधी नीट पाहायला हवं.

आता त्या मुलीचं ऐका. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. जानेवारीत वडिलांबरोबर आली. वडील एस.टी.त कंडक्टर, अंगावर खाकी, ड्यूटी संपवून तसेच आलेले. मुलगी गप्प. तेच म्हणाले, "मॅडम, हिला केमिस्ट्री नको म्हणते. भूगोल पायजे. आता भूगोल घेऊन काय करणार, नकाशे विकणार का?" मग जरा आवाज उतरवून, "आणि वर्ष वाया गेलं तर? धाकटा मागं आहे अजून."

हसू नका हं. वडिलांचा दुसरा प्रश्न अगदी खरा होता. वर्ष वाया जाणं म्हणजे एका वर्षाची फी, खोलीचं भाडं आणि डबा. हे पैसे कुणाच्या तरी ओव्हरटाइममधून येतात.

मी म्हटलं, "वर्ष वाया जातं की नाही, ते आधी हिशेबानं पाहू." हा हिशेब तुम्हांलाही उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

2020 साली देशाचं नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यानुसार पदवीचा अभ्यास आता श्रेयांकांत मोजतात. तासाला बसून शिकायचा विषय असेल, तर एका सत्रातले 15 तास म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेतलं काम असेल तर 30 तास. वर्षाला साधारण 40 ते 44 श्रेयांक जमतात आणि तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 लागतात. एक मुख्य विषय असतो, त्याला किमान निम्मे श्रेयांक. एक दुय्यम विषय असतो, शिवाय भाषा वगैरे बाकीचं. मिळवलेले श्रेयांक 2021 मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत तुमच्या नावावर जमा होतात. पोस्टाचं पासबुक असतं ना, तसंच. तुम्ही मध्येच थांबलात तरी ठेव बुडत नाही. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात, तर अटी पूर्ण करून प्रमाणपत्र मिळतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

आणि आपल्या कामाची गोष्ट ही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात, दुसऱ्या सत्राच्या शेवटी त्याच ज्ञानशाखेत मुख्य विषय बदलायची मुभा दिली आहे. मात्र हवा असलेला विषय पहिल्या वर्षी घेतलेला आहे का, जागा आहेत का, अर्जाची मुदत कधी, हे प्रत्येक विद्यापीठाचं आणि कॉलेजचं वेगवेगळं. ते ऑफिसातच विचारायचं. मित्रानं सांगितलं म्हणून बसून राहायचं नाही!

आमच्या या मुलीनं पहिल्या वर्षी केमिस्ट्रीबरोबर भूगोलही घेतला होता. भूगोल फक्त बी.ए.ला असतो असं पुष्कळांना वाटतं. पुणे विद्यापीठात तो बी.एस्सी.लाही आहे. म्हणजे वर्ष वाया जाणार नव्हतं. हे कळल्यावर वडील पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

शाळेतल्या दोस्तांनो, तुमच्यासाठी एक वेगळी सूचना. बारावी सायन्सनंतर बी.ए. किंवा बी.कॉम.ला जाता येतं. बारावी आर्ट्सनंतर बी.एस्सी.ला जायचं तर दार बहुधा बंदच असतं. म्हणून शाखा ठरवताना कुठलं दार एकाच बाजूनं उघडतं, ते बघून ठेवा. याचा अर्थ सगळ्यांनी सायन्सलाच जावं असा मात्र नाही हं, काका!

विषय बदलणारे लोक कच्चे असतात असं कुणी म्हणालं, तर त्यांना व्यंकटरामन रामकृष्णन यांचं नाव सांगा. बडोद्यात 1971 साली भौतिकशास्त्राची पदवी, 1976 साली अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. आणि मग हे गृहस्थ जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसले! पेशीतल्या रायबोसोमची रचना शोधल्याबद्दल 2009 साली त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं.

आपले दा. ध. कोसंबी आणखी मजेशीर. गोव्यात जन्म, शिक्षण अमेरिकेत. हार्वर्डमध्ये बर्कहॉफ नावाच्या मोठ्या गणितज्ञानं त्यांना सल्ला दिला की गणितावरच लक्ष दे. कोसंबींनी सल्ला ऐकून घेतला आणि नाना विषय शिकून 1929 साली उत्तम पदवी मिळवली! पुढे गणितच शिकवलं, पण जुनी नाणी तराजूत घालून त्यांचा इतिहासही शोधला. हाताळून हाताळून नाणं झिजतं, म्हणून वजनावरून ते किती वापरात होतं याचा अंदाज बांधायचा. आहे की नाही गंमत? थोडक्यात, माझ्यासारख्या टेबलामागच्या माणसांचं ऐकावं जरूर, पण त्यांनाही चष्म्याचा नंबर कळतोच असं नाही.

तर त्या मुलीला मी लगेच होकार दिला नाही. एक वही करायला सांगितली. पंधरा दिवस रोज लिहायचं, कुठल्या तासाला घड्याळाकडे पाहिलं आणि कुठला तास कधी संपला ते कळलंच नाही. दुसरं काम, भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आणून वाचायचा आणि सरांची परवानगी घेऊन त्या वर्गात मागच्या बाकावर एक आठवडा बसायचं. लांबून सगळेच विषय गोड दिसतात. भूगोलातही आकडेमोड असते, उपग्रहाची चित्रं कॉम्प्युटरवर तासन्‌तास तपासावी लागतात.

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली. वही पुढे केली आणि म्हणाली, "मॅडम, सांख्यिकीच्या तासाला घड्याळ पाहिलं. बारा वेळा. तरी पण भूगोलच."

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सांख्यिकी अजून छळते तिला, शिकवणी लावलीय. परवा तिचे वडील स्टँडवर भेटले. मी विचारलं, "मग, नातेवाइकांना काय सांगता?"

"बी.एस्सी. करते म्हणतो," ते म्हणाले. "पुढचं कोणी विचारलं तर गाडी सुटायची वेळ झाली म्हणून सांगतो."