गाडगं गोल का येईना?

२० डिसेंबर म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी. अमरावतीत शिकत असाल तर हे वेगळं सांगायला नको, आपल्या विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे. त्या दिवसाच्या स्वच्छता मोहिमेसाठी मला एक पोस्टर करायचं होतं. पैसे मिळणार असलेलं माझं पहिलंच काम! प्रिंटिंगवाले काका म्हणाले होते, "सकाळी ९ पर्यंत फाइल आन. हे जमलं तं पुढची कामंबी तुयीच."

सेकंडहँड लॅपटॉप, त्यावर उबुंटू, चित्रांसाठी क्रिता, बाजूला भावाचा जुना मॉनिटर आणि पॉकेटमनी साठवून घेतलेला छोटा पेन टॅब्लेट, एवढा माझा स्टुडिओ. रात्री १० वाजता बाबांच्या हातातलं गाडगं काढायला घेतलं आणि स्क्रीनवर आली चक्क परात! पुन्हा काढलं, पुन्हा परात. मग तासभर व्हिडिओ बघून कमांड टाकल्या. एकही चालेना. खरं सांगतो, १२ वाजता वाटायला लागलं होतं की आपल्या हातातच कला नाही.

शेवटी अकोल्याच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. तो हसला. "अबे, तुया हात बरोबर हाये. कॉम्प्युटरचं माप चुकलं हाये. एक झाकण आन."

झाकण टेस्ट

ही टेस्ट तुम्हीही करा. प्लॅस्टिकच्या डबीचं गोल झाकण टॅब्लेटवर ठेवा आणि पेन त्याच्या कडेने फिरवा. (स्टीलचं नको, धातूमुळे पेनचा सिग्नल बिघडू शकतो.) झाकण गोल आहे, त्यामुळे स्क्रीनवर वर्तुळच यायला हवं. अंडाकृती आलं तर दोष हाताचा नाही, सेटिंगचा आहे.

माझं वर्तुळ दुपटीहून जास्त रुंद होतं. कारण साधं होतं. दोन स्क्रीन जोडलेल्या असल्या की टॅब्लेट त्या दोन्हींवर मिळून पसरतो. सेटिंग्जमध्ये 'वॅकॉम टॅब्लेट' हे पान आहे. ओळखीचा असेल तर दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेटही तिथेच दिसतो. त्यात 'मॅप टू मॉनिटर'मध्ये एकच स्क्रीन निवडली आणि परातीचं गाडगं झालं. पण थोडं दबलेलंच.

आता गणित बघा. माझ्या टॅब्लेटचा चित्र काढायचा भाग १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे १६:१०. स्क्रीन १६:९. एवढ्याशा फरकानेही वर्तुळ साधारण ११ टक्के रुंद होतं. त्याच पानावरचं 'कीप अॅस्पेक्ट रेशो' चालू केलं. टॅब्लेटची जेमतेम १ सेंटिमीटरची पट्टी वाया गेली, पण गाडगं गोल आलं!

मग कॅलिब्रेशन कुठे गेलं?

मी रात्रभर 'कॅलिब्रेट' बटण शोधत होतो. ते मला दिसणारच नव्हतं. ते असतं स्क्रीनवाल्या टॅब्लेटसाठी, जिथे पेन थेट चित्रावर टेकतं. तिथे निब आणि चित्र यांच्यामध्ये काच असते, त्यामुळे रेघ थोडी बाजूला उमटल्यासारखी वाटते. कॅलिब्रेशनमध्ये फुल्या दाखवतात, त्यांच्या बरोबर मधोमध पेन टेकवायचं. मात्र रोज जसे बसून चित्र काढता, तसेच बसा. वाकून बघत फुल्या टेकवल्या, तर सरळ बसल्यावर पुन्हा फरक दिसेल.

खराट्याच्या काड्या

गाडगं झालं, खराटा राहिला. काडी बुडाशी जाड आणि टोकाला बारीक हवी. माझी प्रत्येक काडी सारखीच जाड येत होती, कारण हलक्या हातालाही पूर्ण दाब धरला जात होता. क्रिताच्या सेटिंग्जमध्ये 'टॅब्लेट सेटिंग्ज'मध्ये दाबाचा आलेख असतो. त्याची रेषा मधोमध थोडी खाली ओढली की हलका हात हलकाच राहतो. तिथेच 'टॅब्लेट टेस्टर' आहे, त्यात लगेच तपासता येतं.

आणि त्या कमांड का चालल्या नाहीत? जुन्या व्हिडिओंमधली 'एक्ससेटवॅकॉम' कमांड एक्स-ऑर्गवर चालते. नव्या उबुंटूत बहुतेक वेळा वेलँड असतं, तिथे ती टॅब्लेट शोधूच शकत नाही. तुमच्याकडे काय आहे, ते 'अबाउट'मध्ये 'विंडोइंग सिस्टिम'समोर लिहिलेलं असतं. कमांड चिकटवण्याआधी ते बघा.

अडलात तर या क्रमाने जा

- रेघ सगळीकडे सारखीच सरकते? स्क्रीनवाला टॅब्लेट असेल तर कॅलिब्रेट करा.
- आकार ताणला जातो? आधी मॉनिटर, मग अॅस्पेक्ट रेशो तपासा.
- एकाच अॅपमध्ये बिघडतं? त्या अॅपची सेटिंग्ज बघा. रेघ फक्त मागे रेंगाळत असेल, तर क्रिताचं 'स्टॅबिलायझर' चालू आहे का पाहा.
- केडीई वापरता? हे सगळं 'ड्रॉइंग टॅब्लेट' या पानावर मिळेल.
- एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच बदलल्या, तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

पहाटे ४ वाजता पोस्टर पूर्ण झालं, ९ च्या आत फाइल पोचली. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "खराटा मस्त काढला बे." गाडग्याबद्दल काहीच बोलले नाहीत. गोल गाडगं गोलच दिसणार, त्यात काय बोलायचं!

तुमचंही चित्र वाकडं येत असेल, तर हाताला नावं ठेवण्याआधी घरात एक झाकण शोधा.