पंप पाणी का उचलत नाही?

काचेच्या मत्स्यपेटीत संथपणे पोहणारे रंगीत मासे पाहताना त्यांच्या जीविताचा भार केवढ्या लहान यंत्रावर आहे, याची कल्पना पाहणाऱ्याला सहसा येत नाही. पुष्कळ घरांत पेटीबाहेर, बहुधा तिच्या खालच्या कपाटात, विजेचा एक छोटा पंप बसवलेला असतो. नळीने आलेले पेटीतील पाणी तो गाळणीतून फिरवतो आणि पुन्हा पेटीत सोडतो. गाळणी धुऊन पंप पुन्हा जोडला, की त्याची घरघर सुरू होते. परंतु घरघर ऐकू येते म्हणजे पाणी वाहतेच आहे, असे नव्हे. पंपाच्या पोटात हवा राहिली असेल, तर त्याचे चाक वेगाने फिरते. पाणी मात्र जागचे हलत नाही. असे का व्हावे?

पंप पाणी ओढतो, असे आपण व्यवहारात म्हणतो. वस्तुतः पाण्याला ढकलण्याचे काम बाहेरची हवा करते. शोषक पंपाने पाणी सुमारे १८ हातांपलीकडे चढत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली होती. तिचा उलगडा इटलीतच टॉरिचेलीने १६४४ साली केला. एका बाजूने बंद असलेल्या नळीत पारा भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली असता पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर स्थिर राहतो. कारण भांड्यातील पाऱ्यावर वातावरणाचा भार पडत असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. म्हणून तोच भार पाण्याचा स्तंभ सुमारे १०.३ मीटरपर्यंत तोलून धरू शकतो. पंपाचे काम एवढेच, की नळीतील दाब कमी करून पाण्याला वाट मोकळी करून द्यावयाची.

आता हवेने भरलेल्या पंपाला हा दाब का कमी करता येत नाही, ते पाहू. मत्स्यपेटीचा पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्यातील पात्यांचे चाक आत आलेल्या द्रवाला गरगर फिरवून परिघाकडे फेकते. त्यामुळे मध्यभागी दाब घटतो आणि तेथे नवे पाणी येते. मात्र दाबातील हा फरक फेकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट विरळ आहे. समजा, एखादा पंप पाणी १.६ मीटर उंच चढवू शकतो. त्याच्या पोटात केवळ हवा असेल, तर तेच चाक तेवढ्याच वेगाने फिरूनही पाण्याला जेमतेम २ मिलिमीटर उचलण्याइतका दाब निर्माण करील. पेटीच्या काठावरून वळसा घेणाऱ्या नळीत पाण्याला प्रथम काही सेंटिमीटर वर चढावे लागते. तेवढी चढणही अशा पंपाला पार करता येत नाही.

यावर उपाय एकच: पंप सुरू करण्यापूर्वी त्यात व त्याच्या नळीत पाणी भरावयाचे. विहिरीवर पंप चालवणारा शेतकरी हेच करतो. आणि भरलेले पाणी विहिरीत परत जाऊ नये, म्हणून नळीच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह बसवतो.

मत्स्यपेटीच्या बाबतीत प्रथम विजेची जोडणी काढावी. पंप पेटीतील पाण्याच्या पातळीखाली ठेवावा. येणारी नळी पाण्याने पूर्ण भरून तिचे एक तोंड पेटीत बुडवावे व दुसरे पंपाला जोडावे. म्हणजे वक्रनलिकेच्या तत्त्वानुसार पाणी आपोआप पंपात उतरते. जाणाऱ्या नळीची तोटी उघडी ठेवावी. नाहीतर आतील हवेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. पंप किंचित कलता करून हलवला, की अडकलेले बुडबुडे सुटतात. त्यानंतरच, कोरड्या हातांनी, वीज सुरू करावी. विजेची तार खोबणीच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खोबणीपर्यंत पोहोचत नाही. नळी तोंडाने ओढू नये. पेटीतील पाणी पोटात जाणे इष्ट नव्हे.

सुरू केल्यावर पाणी वाहत नसेल, तर पंप तत्काळ बंद करावा. अशा पंपांत फिरत्या भागाला थंडावा व वंगण बहुधा पाण्याचेच मिळते. कोरडा चालल्यास तो तापून झिजतो. सांधे सैल नाहीत ना, आणि बाष्पीभवनाने पातळी खाली जाऊन नळीचे तोंड उघडे पडले नाही ना, हेही पाहावे.

या खटपटीचे महत्त्व माशांच्या दृष्टीने मोठे आहे. माशांनी टाकलेला अमोनिया विषारी असतो. गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जीवाणूंना प्राणवायू लागतो, आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. प्रवाह थांबला, की बंद गाळणीतील प्राणवायू हळूहळू संपतो, जीवाणू मरू लागतात व पाणी नासते. म्हणून पंप अनेक तास बंद राहिला असेल, तर तो तसाच सुरू करू नये. गाळणीतील साचलेले पाणी टाकून द्यावे, आतील द्रव्ये पेटीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावीत आणि मगच पंप भरावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन याच उपकारक जीवाणूंना मारक ठरतो.

पंप बंद असताना हीच वक्रनलिका अपायकारकही होऊ शकते. एखादा सांधा निसटला, तर पेटीतील पाणी नळीवाटे जमिनीवर वाहू लागते. पाणी परत आणणाऱ्या नळीला पातळीच्या किंचित खाली एक बारीक छिद्र ठेवल्यास पातळी तेथवर उतरताच त्यातून हवा आत शिरते आणि त्या नळीतून होणारा उलटा प्रवाह तुटतो. जी हवा पंपाच्या पोटात शिरल्यास माशांच्या जिवावर बेतते, तीच येथे योग्य ठिकाणी शिरून त्यांचे पाणी राखते.