कार्बाइडची पुडी आणि आंब्याची आढी

जुन्नरचा हापूस कोकणच्या मागून येतो. येणेरे, काळे या भागातल्या बागांतून आंबा उतरला की घरोघरी आढ्या लागतात. भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. रोज हात घालून फळं चाचपायची आणि पिकलेली बाजूला काढायची. आंबा पिकतो तो त्याच्या स्वतःच्याच इथिलीन वायूने. पेंढा ऊब आणि तो वायू धरून ठेवतो.

याच वायूचा सख्खा भाऊ मी गॅस वेल्डिंगच्या दुकानात पाहिला. कारागिराने राखाडी कार्बाइडच्या खड्यांवर पाणी सोडलं. खडे फसफसले, तळाशी पांढरा चुना साठला आणि लसणासारखा उग्र वास नाकात गेला. हा ॲसिटिलीन. दोघांतही कार्बनचे दोनच अणू. इथिलीनमध्ये ते दुहेरी बंधाने जोडलेले, ॲसिटिलीनमध्ये तिहेरी. या साम्यामुळेच फळ ॲसिटिलीनलाही फसतं, पण त्यासाठी तो बराच जास्त लागतो. साल पिवळी होते, गर मात्र कित्येकदा कच्चा आणि आंबटच राहतो.

शुद्ध ॲसिटिलीनला जवळजवळ वास नसतो. तो लसणाचा वास कार्बाइडमधल्या अशुद्धीचा, मुख्यतः फॉस्फिनचा. बाजारू कार्बाइडमधून आर्सेनिकचा आर्सिन वायूही अंशाने निघतो. हे दोन्ही विषारी. म्हणूनच 2011च्या अन्नसुरक्षा नियमांनी कार्बाइडने फळं पिकवण्यावर बंदी घातली आहे.

इथिलीन तरी निरुपद्रवी आहे का? तोही पेट घेतो. हवेत 2.7 टक्के झाला की ठिणगीचाच अवकाश; ॲसिटिलीनला अडीच टक्के पुरतात. पण पिकवणीच्या बंद खोलीत इथिलीन मोजून सोडतात. 2016पासून त्याला परवानगी आहे ती दहा लाख भागांत 100 भागांपर्यंतच, आणि पेट घ्यायला त्याच्या 270 पट लागतो. खोलीतली हवाही अधूनमधून बदलावी लागते, कारण फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचला तर पिकणंच मंदावतं. आंब्याच्या पेटीत कोंबलेल्या कार्बाइडच्या पुडीला कसलं आलंय माप? फळांचा दमटपणा लागेल तसा तिच्यातून वायू सुटत राहतो.

तेव्हा ‘केमिकलने पिकवलेला’ म्हणून सगळ्याच आंब्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. मोजून दिलेला इथिलीन चालेल. कार्बाइडची जागा मात्र वेल्डिंगच्या दुकानातच. पेटीत राखाडी भुकटीची पुडी सापडली, तर आंबे खाऊ नका आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.