जुन्या पिकअपमध्ये टर्बो इंजिन : बसेल, पण झेपेल का?

मागच्या आठवड्यात साध्या डिझेल इंजिनाची ओढ कुठे संपते ते पाहिले. कामरेजहून खानदेशात माल नेणाऱ्यांना ती जागा तोंडपाठ आहे. बारडोली, व्यारा, सोनगढपर्यंत जुनी टाटामोबाईलही विनातक्रार पळते. नवापूर, विसरवाडी मागे पडून कोंडाईबारीचा घाट लागला की भरलेली गाडी खालच्या गिअरवर येते आणि रांगू लागते. मग गॅरेजात विषय निघतो : 'हिच्यात सफारीचं टर्बो इंजिन टाकू या का?'

विचार हवेतला नाही. १९८८च्या टाटामोबाईलचे आणि १९९४च्या सुमोचे इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, एकूण १९४८ सीसी. १९९८ला आलेल्या सफारीत त्याच मापाच्या इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर लागला आणि साठीच्या घरातली अश्वशक्ती नव्वदीच्या जवळ गेली.

सिलिंडर तेवढेच, मग जोर वाढला कशाने? हवेने. १ किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पिस्टन स्वतः ओढेल तेवढ्याच हवेवर डिझेल जास्त सोडले, तर काळा धूर तेवढा निघतो. टर्बोचे चाक सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या वायूवर फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून आत भरते. दाबलेली हवा तापून विरळ होते, म्हणून वाटेत तिला इंटरकूलर गार करतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५मध्ये घेतले होते.

जुन्याच इंजिनावर नुसता टर्बो चढवण्याला माझा ठाम विरोध आहे. वाढलेली उष्णता आधी पिस्टन आणि हेड गॅस्केटवर येते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल परत जाणारी नळी चोंदली, किंवा घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केले, तर तो थर जळतो आणि बेअरिंग जाते. बदलायचेच तर इंजिन, डिझेल पंप, रेडिएटर, इंटरकूलर आणि पाइप एकाच गाडीचे घ्यावेत.

तेवढ्यावरही भागत नाही. नवा जोर क्लच प्लेट, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि क्राउन-पिनियनमधून चाकापर्यंत जातो. यातला जो भाग कच्चा, तो आधी तुटतो, आणि तुटतो तोही चढावर, लोड असताना. ब्रेक तर जुनेच राहतात. घाट उतरताना त्यांच्यावर बेतलेल्या वेगापेक्षा गाडी पुढे जाऊ लागली, तर चढावर वाचवलेली दहा मिनिटे काय कामाची?

कागदाचा प्रश्न मात्र मिस्त्रीला विचारून सुटत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. आरसीत इंजिन नंबर असतो. तो जुळला नाही तर फिटनेस अडते आणि अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्याच जातीचे इंजिन परवानगीने बदलणे वेगळे, साध्याच्या जागी टर्बो बसवणे वेगळे. म्हणून भंगार बाजारात विसार देण्याआधी सुरतच्या किंवा बारडोलीच्या आरटीओत लेखी अर्ज द्यावा. उत्तर नकाराचे आले, तर तोच पैसा जुन्या इंजिनाचे नोझल, डिझेल पंप आणि कॉम्प्रेशन नीट करण्यात घालावा. थकलेल्या इंजिनाची हरवलेली ओढ त्याने बरीचशी परत येते.

पुढच्या लेखात नोझल आणि पंप.