संप्रेरक भरपूर, तरी उंची खुंटलेली

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर एखादं मूल वयाच्या मानानं बुटकं दिसलं की पहिला संशय कुपोषणाचा येतो. तो बहुतेक वेळा खराही असतो. पण काही मुलांची उंची अडते ती किडनीपाशी, आणि ती कशी अडते हे कळलं की थक्क व्हायला होतं.

उंचीची सूत्रं मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खळग्यात बसलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे असतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम! मूल गाढ झोपलं की तिच्यातून वाढीचं संप्रेरक रक्तात उसळतं. किडनी निकामी होत चाललेलं मूल वाढत नाही, म्हणजे हे संप्रेरक कमी पडत असणार, असंच कुणालाही वाटेल. तपासणीत मात्र ते नेहमीइतकं, कित्येकदा जास्तच सापडतं.

कारण किडनी नुसती लघवी तयार करत नाही. काम झालेल्या संप्रेरकांची विल्हेवाटही तीच लावते. ती थकली की वाढीचं संप्रेरक रक्तात रेंगाळतं.

मग उंची का वाढत नाही? गंगापूर धरणातून आवर्तन सुटावं, पाट भरून वाहावा आणि टेलच्या शेताला पाणीच पोचू नये, तसं इथं होतं. या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक बनवतं, आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेला वाढवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. किडनीच्या आजारात रक्तातली आम्लता आणि शरीरातला दाह वाढतो, त्यामुळे पेशींना पहिला निरोपच नीट पोचत नाही. जे आयजीएफ-१ तयार होतं, त्याला काही प्रथिनं धरून ठेवतात. ही प्रथिनंही किडनीनंच बाहेर काढायची असतात. ती साचतात आणि मोकळं आयजीएफ-१ फारच थोडं उरतं. एकाच बिघाडानं संप्रेरक साठतंही आणि निकामीही होतं!

खुद्द पीयूषिकाही यातून सुटत नाही. तिचं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, वयात येण्याचे इशारे मंदावतात, मुलं उशिरा वयात येतात.

पूर्वी वाढीचं संप्रेरक मृतांच्या पीयूषिकेतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला. १९८५ पासून प्रयोगशाळेत बनवलेलं संप्रेरक मिळू लागलं आणि १९९३ मध्ये अमेरिकेनं किडनीच्या आजारातल्या मुलांसाठी ते मंजूर केलं. रक्तात आधीच असलेली गोष्ट आणखी टोचायची, आणि तरी उंची वाढते! मोठ्या मात्रेमुळे आयजीएफ-१ इतकं तयार होतं की धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना पुरून उरतं. अर्थात आहार, आम्लता आणि ड जीवनसत्त्व आधी सुधारावं लागतं.

पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांच्या कामातून २०१५ मध्ये आलेले भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते आता बालरोगतज्ज्ञांकडे असतात. पाच वर्षांपुढच्या आपल्या मुलाची उंची त्यावर दरवर्षी नोंदवून घ्या. रेघ खाली घसरत असेल तर डॉक्टरांना लघवी, रक्तदाब आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला जरूर सांगा.